पर्यटकांच्या यादीत नसलेले सिंगापूर

भारतातून आई-वडील, सासू-सासरे किंवा नागपूर-पुण्याचे मित्र सिंगापूरला आले की त्यांच्या आठ दिवसांचा कार्यक्रम जवळजवळ ठरलेला असतो. मरलायनसमोर छायाचित्रे, मरिना बेवरचा दिव्यांचा खेळ, एक पूर्ण दिवस सेंटोसा, एक दिवस मंडाईचे प्राणिसंग्रहालय आणि परतण्याच्या आदल्या रात्री मुस्तफामध्ये चॉकलेटांची खरेदी. यात गैर काहीच नाही. आम्हीही हे सर्व हौसेने केले आणि पुढेही करू. परंतु ही यादी संपली की पाहुण्यांपैकी कुणीतरी, बहुधा एखादी आजी, हमखास विचारते, “इथं आपलं काय आहे?”

‘आपले’ या शब्दाशी आम्ही बराच काळ अडखळलो. ज्यांचे ‘आपले’ देऊळ, ढोल-ताशे आणि सणावारांचे फराळ यांत सामावते, त्यांना या शहरात उणे काही भासत नाही. आमची गोष्ट निराळी आहे. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या जातिविषयक निबंधात बाबासाहेबांनी डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांचा हवाला देऊन बजावले होते की, हिंदू जगभर पांगले तर जातही त्यांच्याबरोबर जगभर पोहोचेल. शंभर वर्षांनंतर, विषुववृत्ताजवळच्या या बेटावर एखाद्या मराठी स्नेहमेळाव्यात नाव सांगितल्यावर आडनाव आणि आडनावानंतर ‘मूळ गाव कोणतं?’ हा प्रश्न येतो, तेव्हा त्या निबंधाची आठवण होते. म्हणून गेल्या वर्षभरात आम्ही काही कुटुंबांनी एक उपक्रम सुरू केला. महिन्यातून एका रविवारी, पर्यटक फारसे जात नाहीत अशा ठिकाणी मुलांना घेऊन पायी जायचे, आणि तेथे कोण राहिले, कोणी राबले, कोणाची नावे उरली आणि कोणाची पुसली गेली, हे शोधायचे. त्यांतील काही वाटा वाचकांपुढे ठेवत आहोत.

सुरुवातीला फॅरर पार्क स्थानकावर उतरावे. येथून पाच मिनिटांवर रेसकोर्स रोडवर शाक्यमुनी बुद्धगया मंदिर आहे. लिटल इंडियात जेवायला येणारे बहुतेक लोक येथवर येतच नाहीत. १९२७ साली भन्ते वुत्तिसार या थायलंडच्या भिक्खूंनी याची स्थापना केली. दाराशी वाघ आणि बिबट्या बसवलेले, आत सुमारे १५ मीटर उंचीची, ३०० टन वजनाची बुद्धमूर्ती आणि तिच्याभोवती दिव्यांची आरास. त्यावरूनच ‘हजार दिव्यांचे मंदिर’ हे दुसरे नाव पडले. मूर्तीच्या चौथऱ्याभोवती सिद्धार्थाच्या जीवनातील प्रसंग रंगीत पुतळ्यांत मांडले आहेत. मुलांना ते चित्रकथेसारखे वाचता येतात, शब्दांची गरज पडत नाही. फार थोड्यांना ठाऊक असलेली गोष्ट मागच्या बाजूला आहे. वाकून शिरावे लागते असे एक बुटके दार, आणि आत महापरिनिर्वाणाच्या मुद्रेतील पहुडलेले तथागत. आमच्यासोबतच्या मोठ्या माणसांचे बोलणे तेथे आपोआप थांबले.

याच मंदिरात एके ठिकाणी गणपतीही आहे. बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेल्या आमच्या मुलांनी तो अचूक हेरला आणि सर्वांदेखत मोठ्याने प्रश्नही विचारला. आग्नेय आशियातील लोकांचा बुद्धधम्म आणि नागपूरच्या दीक्षाभूमीवर आपण स्वीकारलेला धम्म यांत अंतर आहे, आणि ते मुलांपासून लपवण्याचे कारण नाही, असे आमचे मत आहे. आपल्या प्रतिज्ञा कोणत्या अनुभवातून आल्या, हे सांगण्यास याहून योग्य जागा मिळणार नाही. तसेच मंदिराच्या नावातील ‘बुद्धगया’ या शब्दावर थोडे थांबावे. मूळ बोधगयेचे महाबोधी विहार १९४९ च्या कायद्याने ज्या समितीकडे गेले, तिच्यात बौद्धांबरोबर हिंदू सदस्यांचीही तरतूद आहे, आणि अनागारिक धम्मपालांनी १८९१ साली सुरू केलेला विहारमुक्तीचा लढा अद्याप संपलेला नाही. रेसकोर्स रोडवरच्या या साध्याशा बुद्धगयेत मात्र कोणीही जोडे काढून आत जावे.

मंदिराबाहेर पडून उत्तरेकडे निघालो की रस्त्यांच्या पाट्या वाचण्याजोग्या आहेत. रंगून रोड, किंटा रोड, पुढे मूलमेन रोड, पेगू रोड, मंडाले रोड. ब्रह्मदेशचा अर्धा नकाशाच या भागात सांडलेला आहे. किंटा रोडवर १८७५ पासून ब्रह्मी लोकांचे बुद्धमंदिर होते. त्यातील शुभ्र संगमरवरी मूर्ती मंडालेजवळच्या सागइन टेकडीच्या दगडातून घडवलेली, सुमारे अकरा फूट उंचीची. आता ते मंदिर बालेस्टियरजवळच्या ताई गिन रोडवर आहे. नव्या जागी ते १९९१ च्या सुमारास आले. शेजारीच सुन यत्‌सेन यांचे स्मारकभवन असल्याने पर्यटकांच्या बसगाड्या तेथे थांबतात. चिनी क्रांतीचा इतिहास पाहून त्या निघून जातात, आणि भिंतीपलीकडच्या मंदिरात दुपारच्या वेळी चार-दोन ब्रह्मी उपासिका फुले रचताना दिसतात.

या परिसरातील एका पाटीपाशी आम्ही मुलांना मुद्दाम नेले. पाटी साधी, हिरवी, सरकारी आहे. तिच्यावर लिहिले आहे, अक्याब रोड. अक्याब म्हणजे आराकानच्या किनाऱ्यावरचे बंदर, आजचे सित्त्वे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बाबासाहेबांना त्रिशरण-पंचशील देणारे पूज्य भदन्त चंद्रमणी महास्थवीर १८७६ साली त्याच अक्याब भागात जन्मले. पुढे ते कुशीनगरला स्थायिक झाले आणि त्यांचे नाव आपल्या प्रत्येक घरातल्या इतिहासाचा भाग झाले. हा रस्ता अर्थातच त्यांच्या नावाने नाही; वसाहतीच्या अधिकाऱ्यांनी ब्रह्मदेशातील गावांची नावे येथल्या रस्त्यांना वाटली, त्यातलाच तो एक. तरीही ज्या बंदरावरून आपल्या दीक्षेचा एक धागा निघतो, त्याचे नाव नोव्हेनाच्या दवाखान्यांजवळून आपण रोज वाचत जातो आणि ते आपल्या ध्यानीमनीही नसते.

ब्रह्मदेशाशी आपला दुसराही दुवा आहे. डिसेंबर १९५४ मध्ये रंगूनला जागतिक बौद्ध बंधुत्व संघाची तिसरी परिषद भरली, तिला बाबासाहेब गेले होते. त्याच वेळी तमिळनाडूतून पेरियार रामस्वामीही रंगूनला आले. दोघांची तेथे भेट झाली. तेथून पेरियार मलाया-सिंगापूरच्या दौऱ्यावर गेले. या बेटाला ते नवखे नव्हते. १९२९-३० च्या पहिल्या दौऱ्याने येथील तमिळ मजुरांत स्वाभिमानाच्या चळवळीचे बी पेरले होते. त्यातूनच घडलेले पत्रकार गो. सारंगपाणी यांनी १९३५ साली ‘तमिळ मुरसु’ सुरू केले, आणि ते वृत्तपत्र आजही निघते. जातीविरुद्धचा लढा या शहरात आपल्यापूर्वी कोणीतरी लढले होते, ही गोष्ट मराठी माणसांना क्वचितच माहीत असते. कॅम्पबेल लेनवरील इंडियन हेरिटेज सेंटरमध्ये तासभर घालवल्यास त्या काळाची चांगली कल्पना येते.

ताई गिन रोडला जाण्यापूर्वी बून केंगजवळच्या सेंट मायकल्स रोडवरील श्रीलंकारामय विहारातही जावे. सिंहली समाजाने उभारलेल्या या विहारात पांढरा स्तूप आहे, बोधिवृक्ष आहे आणि पारावर बसायला जागा आहे. आमच्या बायकांच्या मते सगळ्या फेरीतील हे सर्वांत घरगुती ठिकाण. पाली गाथांचे उच्चार ऐकले की उच्चारभेद असूनही ‘बुद्धं सरणं गच्छामि’ म्हणताना कोणालाही परके वाटत नाही.

आता त्याच रेसकोर्स रोडविषयीची एक अवघड गोष्ट. आपण मंदिरात जातो तो दिवस रविवार असतो, आणि रविवार हाच बांधकामावरच्या तमिळ, तेलुगू, बंगाली कामगारांचा सुटीचा दिवस. दुपारनंतर हा सारा भाग त्यांनी भरून जातो. ८ डिसेंबर २०१३ च्या रात्री याच रेसकोर्स रोडच्या टोकाला बसखाली सापडून एका भारतीय कामगाराचा मृत्यू झाला आणि दंगल उसळली. शिस्तीसाठी ख्यात असलेल्या या देशात अशी घटना अनेक दशकांत घडलेली नव्हती. पुढे या भागात मद्यविक्रीवर निर्बंध आले, गस्त वाढली. आम्ही संगणक अभियंते, ते गवंडी आणि सळईकामगार. विमान बहुधा एकच, चेन्नई किंवा हैदराबादवरून येणारे. पण आमच्या पासवर पगाराची अट भरली की पत्नी-मुले येतात, त्यांच्या वर्क परमिटवर कोणीही येत नाही. आम्ही वातानुकूलित गाडीने कार्यालयात जातो, ते ट्रकच्या उघड्या हौद्यात बसून कामावर जातात. आमच्यातील एकाने विचारले की, ही जात नव्हे काय? आम्हांस वाटते, ही जात नव्हे. कराराची मुदत संपते, जन्माची संपत नाही. परंतु मजुराच्या अंगाला लागलेल्या सिमेंटमुळे गाडीत त्याच्या शेजारची जागा रिकामी सोडणारे आपल्यापैकीही कोणी असेल, तर ते ज्याला आपण आयुष्यभर शिव्या देतो त्याचेच बाळ आहे. बाबासाहेब जुलै १९४२ पासून व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते, हे आपण भाषणात सांगतो. रविवारी रेसकोर्स रोडवर चहा घेताना शेजारच्या बाकावरील माणसाशी दोन शब्द बोलणे तेवढे अवघड नाही. आम्ही बोलू लागलो आहोत. हिंदी-तमिळ-इंग्रजीची खिचडी चालते.

मजुरीचा इतिहास पाहायचा तर शहराच्या मध्यभागीही पाहता येतो, फक्त तो झाकलेला आहे. १८२५ ते १८७३ पर्यंत सिंगापूर हे हिंदुस्थानातील कैद्यांचे काळेपाणी होते. बंगाल, मद्रास आणि मुंबई इलाख्यातून बेड्या घालून आणलेल्या या माणसांनी रस्ते बांधले, दलदली बुजवल्या, आज राष्ट्राध्यक्षांचे निवासस्थान असलेली इस्ताना उभारली आणि सेंट अँड्र्यूज कॅथेड्रलही बांधले. त्या चर्चच्या आतील भिंतींना दिलेला गिलावा चुना, अंड्यातील पांढरे आणि साखर घोटून केलेला होता. चर्चचा आराखडा करणारे रोनाल्ड मॅकफर्सन यांच्या नावाचा रस्ता आहे आणि त्या रस्त्यावरून एमआरटीचे स्थानकही आहे. गिलावा घोटणाऱ्यांच्या नावाचे काही नाही. व्यवसायाची नावे मात्र टिकली. धोबी घाट या स्थानकावर तीन मार्ग एकत्र येतात आणि मुले त्या नावाचा अर्थ न कळता रोज तेथे गाडी बदलतात. येथे ओढ्यावर हिंदुस्थानी परीट कपडे धूत असत. आमच्यापैकी कित्येकांची मुले जेथे जन्मली त्या केके रुग्णालयाचे पूर्ण नाव कंडांग केर्बाऊ, म्हणजे चक्क म्हशींचा गोठा! हे कळल्यावर घराघरांतून जो हशा पिकला तो अजून ओसरलेला नाही.

दुसऱ्या दिशेची फेरी ईशान्येकडे जाते. हौगांग भागात चुआन हो अव्हेन्यूवर, बंगल्यांच्या रांगांमध्ये, जपानी दफनभूमी उद्यान आहे. १८९१ पासूनची ही जागा आहे आणि येथे ९१० समाधी आहेत. जपान म्हटले की आपल्या मुलांना बुलेट ट्रेन आणि कार्टून आठवते. येथे वेगळा जपान भेटतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस क्यूशू बेटावरच्या शिमाबारा, आमाकुसा यांसारख्या दरिद्री भागांतील मुली फसवून किंवा विकत घेऊन जहाजांतून येथे आणल्या जात आणि कुंटणखान्यांत ठेवल्या जात. त्यांना कारायुकी-सान म्हणत. हायलम स्ट्रीट, मलय स्ट्रीट, मलबार स्ट्रीट ही त्यांच्या वस्तीची नावे. आज त्या गल्ल्यांवर काचेचे छप्पर घालून बुगिस जंक्शन हा मॉल उभा आहे आणि आपण तेथे मुलांचे बूट घेतो. या मुली मेल्या की त्यांना पुरायला जागा नसे. म्हणून कुंटणखाने चालवणारा आणि रबराचा मळा असलेला फुताकी ताकाजिरो नावाचा जपानी व्यापारी व त्याचे सहकारी पुढे आले. त्याच्या जमिनीतून ही दफनभूमी झाली. शोषण करणाऱ्यानेच कबरीला जागा द्यावी, हा दानधर्म आपल्याला नवा नाही.

१९२० साली जपानी वकिलातीने येथील जपानी वेश्याव्यवसाय बंद केला. दफनभूमीत आज त्या स्त्रियांचे छोटे दगड गवतातून डोके काढून उभे आहेत. काही गुडघ्याएवढेही नाहीत. काहींच्या लाकडी खुणा कुजून गेल्यावर त्या जागी नंतर दगड बसवले गेले. त्यांच्यापासून थोड्याच अंतरावर दक्षिणेकडच्या जपानी सैन्याचे सेनापती फील्डमार्शल तेराउची यांचे उंच स्मारक आहे. ज्या सैन्याने या बेटावर १९४२ साली हजारो चिनी नागरिकांना वेचून ठार मारले, त्याच्या सेनापतीला एवढा दगड आणि त्या मुलींना तेवढा. आमच्या गटातील स्त्रियांनी सेनापतीच्या स्मारकाकडे पाठ केली आणि त्या लहान दगडांच्या रांगेत बसून त्रिशरण-पंचशील घेतले. त्यांतील बहुतेक मुली जन्माने बौद्ध घरांतल्याच होत्या. १९३६ साली बाबासाहेबांनी मुंबईत कामाठीपुऱ्यातील भगिनी, देवदासी आणि जोगतिणींच्या सभेत ते जिणे सोडून देण्याचे आवाहन केले होते. त्या सभेची हकिकत आमच्यातील एका ज्येष्ठ ताईंनी तेथेच, फुललेल्या चाफ्याखाली, मुलींना समजेल अशा शब्दांत सांगितली.

येथून बसने पुंगोल गाठावे आणि नदीकाठच्या वाटेने चालत लाल रंगाच्या लोखंडी पुलावर यावे. पुलापलीकडे लोरोंग हालूस. मलय भाषेत लोरोंग म्हणजे गल्ली आणि हालूस म्हणजे नाजूक, तलम. या नाजूक गल्लीत १९८७ पर्यंत सिंगापूरचा मैला येत होता.

हे वाक्य प्रथम ऐकणाऱ्याला खरे वाटत नाही. पण गेल्या शतकाचा मोठा काळ या शहरातील असंख्य घरांत बादलीचे संडास होते. घराच्या मागील बाजूस एक छोटी झडप असे. मैला वाहणारा कामगार मागच्या बोळातून येई, भरलेली बादली काढून रिकामी ठेवी, आणि खांद्यावरच्या कावडीला दोन बादल्या टांगून चालू लागे. पुढे त्यासाठी खास मोटारी आल्या. त्यांना दोन्ही बाजूंना मिळून ३६ छोटी दारे होती, प्रत्येक दारामागे बादल्या. जुने सिंगापूरकर आजही ‘छत्तीस दारांची गाडी’ म्हटले की नाक धरून हसतात. लिटल इंडियातील दुकानांच्या मागचे अरुंद बोळ पुढच्या वेळी नीट पाहा. ते या कामाच्याही सोयीचे होते. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांच्या मागील दाराशी तुलना करून पाहावी. तेथेही माणूस पुढच्या दाराने येत नसे.

शहरभर भूमिगत गटारे पोहोचत गेली तशा बादल्या कमी होत गेल्या आणि जानेवारी १९८७ मध्ये लोरोंग हालूसचे शेवटचे मैला केंद्र बंद झाले. शेजारीच शहराचा कचराडेपो होता, मुंबईच्या देवनारसारखा. तोही १९९९ साली बंद झाला. २०११ साली त्या जागी पाणथळ उद्यान खुले झाले. खाली गाडलेल्या कचऱ्यातून झिरपणारे दूषित पाणी गोळा करून लव्हाळ्यांच्या तळ्यांतून फिरवले जाते आणि त्यामुळे शेजारचा सेरंगून जलाशय सुरक्षित राहतो. आता तेथे खंड्या दिसतात, बगळे दिसतात, सायकलस्वार थांबून पाणी पितात. दुर्गंध कुठेही नाही.

आमच्यापैकी एकाचे आजोबा मुंबई महानगरपालिकेच्या सफाई खात्यात होते. सिंगापुरात हे काम करणारे बहुतांश चिनी स्थलांतरित होते. त्यांनाही लोक टाळत, त्यांच्या अंगाच्या वासाची थट्टा करत; त्यांचा सन्मान होत होता असे मुळीच नाही. पण काम जन्माने ठरलेले नव्हते, म्हणून गटार आल्यावर बादली गेली आणि बादलीबरोबर शिक्काही गेला. त्या कामगाराचा नातू आज आपल्या शेजारच्या मजल्यावर बँकेत नोकरी करणारा असेल आणि त्याचे आडनाव ऐकून कोणी काही ओळखणार नाही. भारतात १९९३ साली कायदा झाला, २०१३ साली आणखी कडक कायदा झाला, २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने गटारात मरण पावलेल्यांच्या वारसांना दहा लाख रुपये देण्याचा आदेश दिला, बेझवाडा विल्सन यांना २०१६ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आणि तरीही गटारात उतरून गुदमरलेल्या माणसांच्या बातम्या येतात. त्यांची आडनावे वाचताना आपल्याला कोणताही कोश लागत नाही. यंत्र बनवणे अवघड आहे म्हणून हे थांबत नाही, असे सांगणाऱ्यांवर आम्हां अभियंत्यांनी तरी विश्वास ठेवू नये. ज्या गटारात उतरायला माणूस स्वस्त मिळतो, त्या गटारासाठी यंत्र कोणी विकत घेत नाही.

फेरीला यायचे असल्यास काही सूचना. रेसकोर्स रोड, श्रीलंकारामय आणि ताई गिन रोड हा टप्पा सकाळी साडेआठला सुरू केला तर रमतगमत दुपारपर्यंत होतो; मध्ये व्हाम्पोआच्या हॉकर सेंटरवर नाश्ता होतो, शाकाहारी मंडळींनी आधी विचारून घ्यावे. तिन्ही ठिकाणी जोडे बाहेर काढावे लागतात, म्हणून लहान मुलांना मोजे घालू नयेत; ओल्या फरशीवर घसरतात. जपानी दफनभूमीत फुले न्यावीत, मेणबत्त्या नकोत. लोरोंग हालूसला सावली फार कमी आहे, तेव्हा सकाळी लवकर किंवा पाच नंतर जावे आणि पाण्याची बाटली प्रत्येकाची वेगळी असावी. ज्येष्ठांसाठी पुलापर्यंतची वाट सपाट आहे, चाकाची खुर्चीही जाते. पाहुणे आलेले असतील तर त्यांनाही आणा; सेंटोसा दुसऱ्या दिवशी करता येते.